कंबरदुखी: घरातल्या तिघांना व्यायामाचा एकच कागद

शेवंती

"कंबरदुखीवर काय करू?" असं मी विचारत नाहीये. ते विचारलं की सोसायटीच्या वॉचमनपासून लग्नात शेजारच्या पानावर बसलेल्या आजोबांपर्यंत प्रत्येकाकडे रामबाण उपाय निघतो. माझा प्रश्न जरा वेगळा आहे.

आमच्याकडे तीन कंबरा दुखतात. मी, वय ४६, बँकेत, दिवसभर खुर्ची. भाऊ, वय ४१, निफाडकडे द्राक्षबाग. सासूबाई, वय ७२. तिघांच्या एमआरआय रिपोर्टात कमीअधिक तेच लिहिलंय: एल ४–एल ५ ला (कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये) डिस्क बल्ज, म्हणजे मधली चकती फुगलेली, आणि झीज. म्हणजे सगळे म्हणतात तो "मणक्यात गॅप". तिघंही वेगवेगळ्या वेळी एकाच दवाखान्यात गेलो आणि तिघांच्या हातात व्यायामाचा एकच कागद पडला. तो इतक्यांदा झेरॉक्स झालाय की चौथ्या चित्रातल्या माणसाचा डावा पाय उडून गेलाय. खाली पेनाने लिहिलेलं: पुढे वाकू नये, जड उचलू नये, जमिनीवर बसू नये. शिवाय प्रत्येकी एक पट्टा आणि गोळ्या.

आता गंमत बघा. मला बसलं की दुखतं, चाललं की मोकळं वाटतं. सासूबाईंचं बरोबर उलटं. बसल्या की ठणठणीत, देवळापर्यंत चालल्या की पोटऱ्या भरून येतात, वाटेत कट्टा दिसला की टेकावंच लागतं. भावाला एरवी काही नाही, पण छाटणी किंवा माल तोडणी सुरू झाली की कंबर धरते. तो कागद बघून म्हणाला, "शेजारशेजारच्या दोन प्लॉटना आम्ही एक फवारणी लावत नाही, आणि इथं सगळ्या घराला एकच?"

तर माणूस बघून उपचार ठरवणं म्हणजे प्रत्यक्षात काय करतात? कोणाला अनुभव आहे का? (तेलं कृपया व्यनित, म्हणजे खासगी निरोपात.)

खडूस_काका

एमआरआय एकच तर उपचार एकच. यात चुकलं काय? बीपीच्या गोळ्याही सगळ्यांना त्याच देतात. हल्ली प्रत्येकाला आपलं दुखणं स्पेशल हवं असतं.

मणकेबाई

काका, बीपीच्या गोळ्याही सगळ्यांना त्याच देत नाहीत, पण ते असो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंट न बघता निदान करणार नाही, पण शेवंतीने जे लिहिलंय तेच खरं तर आम्ही पहिल्या भेटीत विचारून काढायचं असतं. रिपोर्ट नंतर.

रिपोर्टबद्दल एक गोष्ट सगळ्यांनी डोक्यात ठेवा. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ३,११० लोकांच्या स्कॅनचा एकत्रित अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के लोकांत डिस्कची झीज दिसली, ऐंशीच्या घरात ९६ टक्के. डिस्क बल्ज विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४. यातल्या कोणालाही दुखत नव्हतं. त्यामुळे ४६, ४१ आणि ७२ या वयांत तिघांच्या रिपोर्टात तेच शब्द येणं यात नवल काहीच नाही. दुखणं तिथूनच येतंय हे त्यावरून सिद्ध होत नाही. आणि तिघांचं दुखणं एक आहे हे तर मुळीच नाही.

बसल्यावर आणि वाकल्यावर वाढणारं, चालल्यावर कमी होणारं दुखणं मणक्याच्या पुढच्या भागाकडे, डिस्ककडे बोट दाखवू शकतं. सासूबाईंचं वर्णन वेगळंच आहे. चालल्यावर पाय भरून येणं आणि बसल्यावर उतरणं, यात मणक्यातली नसांची नळी अरुंद झाली आहे का हे बघतात. एक विचारते: बाजारात ट्रॉली ढकलत चालल्या तर जास्त लांब जाता येतं का?

शेवंती

अगं हो! डी-मार्टात ट्रॉली धरली की माझ्या पुढे जातात. आम्ही थट्टा करायचो की खरेदीला पाय दुखत नाहीत.

मणकेबाई

त्यांची थट्टा थांबवा. पुढे झुकलं की ती नळी थोडी मोकळी होते, म्हणून ट्रॉली, सायकल, चढ सोपा जातो आणि ताठ चालणं जड. त्या कागदावर पालथं झोपून छाती उचलायचा व्यायाम असणारच. असतोच. तो त्यांना त्रासच देईल. त्यांना उताणं झोपून गुडघे पोटाशी घेणं, स्थिर सायकल, आणि दुखायच्या आधी बसून परत चालणं, असं काहीतरी लागेल. पण त्याआधी डॉक्टरांकडून पायांच्या नाड्या तपासून घ्या. पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तरी चालल्यावर पोटऱ्या दुखतात. त्यात नुसतं उभं राहिलं तरी आराम पडतो, मणक्याच्या त्रासात बसावं किंवा वाकावं लागतं. मधुमेह असेल तर हे तपासणं टाळूच नका.

घाटवाट

ताई नमस्कार. मी सातारचा, टेम्पो चालवतो. सातारा–मुंबई, मग परत. आमच्या लाइनीत ज्याची कंबर दुखत नाही तो माणूस नवा. डॉक्टर म्हणले ड्रायव्हिंग सोडा. हप्ते त्यांनी भरले तर आजच सोडतो. हे माणूस बघून उपचार वगैरे आमच्यासाठी पण असतंय का नुसतं बँकवाल्यांना?

मणकेबाई

दादा, तुमच्यासारख्यांसाठीच असतं. "काम सोडा" हा सल्ला नाही, हात वर करणं आहे. दोनतीन प्रश्न. गाडीतून उतरल्या उतरल्या माल उतरवता का? पाकीट मागच्या खिशात असतं का? पायात कळ जाते की कंबरेतच राहते? रात्री झोप कशी?

घाटवाट

उतरल्या उतरल्या. गाळेवाला थांबतोय होय! पाकीट मागंच. कळ डाव्या कुल्ल्यापर्यंत, खाली नाही. झोप कसली, गाडीतच.

मणकेबाई

मग आधी काम न सोडता होणाऱ्या गोष्टी. पाकीट डॅशबोर्डवर, एका कुल्ल्याखाली जाड पाकीट ठेवून तासन्‌तास बसलं तर तिथली नस चिडते. सीट थोडी पुढे घ्या, क्लच पूर्ण दाबताना कुल्ला सीटवरून सरकता कामा नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं: लांब बसून झाल्यावर लगेच जड उचलायचं नाही. बसून बसून डिस्क आणि सांध्यांभोवतालचे बंध सैलावलेले असतात. उतरा, कागदपत्रं द्या, गाडीभोवती दोनचार चकरा मारा, मागे हात देऊन कंबर ताणा, मग पोतं. गाळेवाल्याला तेवढी कळ काढू द्या. चहाला थांबाल तेव्हा चहा उभ्याने.

कळ गुडघ्याखाली जायला लागली किंवा पाऊल उचलताना अडखळलं तर मात्र लांबवू नका, दाखवा.

मेलबर्नकर

इथे ऑस्ट्रेलियात यावर बरंच काम झालंय, म्हणून लिहितो. २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात रिस्टोर नावाची चाचणी आली. तीन महिन्यांहून जास्त दुखणारे ४९२ लोक. एका गटाला नेहमीचे उपचार. बाकीच्यांसोबत फिजिओ बसून बोलले: तुला नेमकं काय करताना भीती वाटते, काय करायचं सोडलंस, ते आत्ता करून दाखव बघू. मग तीच हालचाल हळूहळू, श्वास न रोखता, अंग न आवळता करायला शिकवली. बारा आठवड्यांत जास्तीत जास्त सात भेटी, पुढे एक उजळणी. दुखण्याने अडणारी कामं या गटाची ठळकपणे सुटली आणि वर्षभरानंतरही फरक टिकून होता.

दुसरी २०२४ ची, सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठाची. नुकतेच कंबरदुखीतून उठलेले ७०१ लोक. फक्त चालणं, पण प्रत्येकाच्या वयाप्रमाणे आणि ताकदीप्रमाणे वाढवत नेलेलं. निम्म्या लोकांचं दुखणं परत उलटायला २०८ दिवस लागले. ज्यांनी काही केलं नाही त्यांचे ११२.

फुकटची गोष्ट आहे. पार्किंगच्या चार फेऱ्या मारून पत्नी "झालं का रिसर्च?" विचारते, तो भाग सोडा.

खडूस_काका

बोलून कंबर बरी होते हे पहिल्यांदाच ऐकलं. उद्या दात पण गप्पा मारून काढा. आमच्या वडिलांना वैद्यबुवांनी लाकडी फळीवर झोपवलं होतं. गादी नाही, उशी नाही. नव्वदीत गेले, ताठ कण्याने.

मणकेबाई

फळीचं ऐका काका. स्पेनमध्ये जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ लोकांना न सांगता दोन तऱ्हेच्या गाद्या दिल्या, कडक आणि मध्यम कडक. २००३ मध्ये निकाल छापला. मध्यम कडकवाले जास्त सुखी निघाले. वडिलांना फळी मानवली असेल, छानच. पण म्हणून सगळ्यांना फळी? इथेच तर आपला धागा अडलाय.

आणि बोलून नाही, वागून. शेवंती, एक खरंखरं सांग. "पुढे वाकू नये" वाचल्यापासून तू काय काय सोडलंस?

शेवंती

बरंच. खाली पडलेलं पेन मुलगा उचलतो. पोळ्या लाटताना ओट्याला पोट लावून एकदम ताठ उभी राहते. आणि भजनी मंडळ सोडलं. मी पेटी वाजवते, बैठक जमिनीवर. आता गुरुवारी सगळ्या जमतात तेव्हा मी घरी टीव्ही बघते, सोफ्यावर, आणि तिथेही दुखतंच.

मार्च एंडला सगळ्यात जास्त दुखतं, हेही लिहून टाकते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आपोआप उतरतं.

मणकेबाई

बघा, रिपोर्टात भजनी मंडळ नव्हतं आणि मार्च एंडही नव्हता.

दुखणं तीन महिन्यांवर गेलं की नुसत्या मणक्याचा हिशोब उरत नाही. झोप, ताण, भीती, कामावरची स्थिती, घरच्यांचं "तू राहू दे गं, मी करतो", सगळं त्यात मिसळतं. मज्जासंस्था जास्त जागरूक होते, थोड्याशाला मोठ्याने ओरडते. दुखणं खोटं असं कोणी म्हणत नाहीये, शंभर टक्के खरं आहे. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठाने यासाठी नऊ प्रश्नांची साधी प्रश्नावली केली: दुखणं पायात जातं का, कपडे घालायला वेळ लागतो का, "हे कधीच बरं होणार नाही" असं वाटतं का, अशा तऱ्हेचे प्रश्न. त्यावरून तीन गट. पहिल्याला धीर, माहिती आणि "हिंडतंफिरतं राहा" एवढंच पुरतं. दुसऱ्याला फिजिओथेरपी. तिसऱ्याला फिजिओथेरपीसोबत भीतीवर, मनावर काम. ८५१ पेशंटांवर करून बघितलं, २०११ मध्ये प्रसिद्ध झालं; सरसकट उपचारांपेक्षा हे बरं ठरलं. म्हणजे काहींना *कमी* उपचार देणंही यातच आलं.

तुझ्यासाठी मी सुरुवात पेटीपासून करेन. भिंतीशी, दुमडलेल्या घोंगडीवर किंवा पाटावर उंच बसायचं, म्हणजे गुडघे कंबरेच्या खाली राहतात. एक अभंग. उठायचं, टाळकरी व्हायचं, उभ्याने. परत एक अभंग. दुखेल, थोडं. रात्रीपर्यंत किंवा सकाळपर्यंत मूळ पातळीवर आलं तर पुढच्या गुरुवारी तेवढंच किंवा थोडं जास्त. नाही उतरलं तर थोडं कमी, पण शून्य नाही.

डबलशिफ्ट

पुण्यात आयटीत, वय २९. उलट्या बाजूचा अनुभव लिहितो, कारण "सगळं हिंडण्याफिरण्याने बरं होतं" असा अर्थ कोणी काढू नये.

तेविसाव्या वर्षापासून कंबर. सगळे म्हणायचे बैठं काम, खुर्ची बदल. खुर्ची बदलली, भारीतली घेतली. पण माझं दुखणं पहाटे तीनचारला उठवायचं. सकाळी मोजे घालता यायचे नाहीत, तासभर अंग लाकूड. जिमला गेलो की बरं, रविवारी लोळलो की वाट. एका ठिकाणी स्लिप डिस्क सांगून सक्तीची विश्रांती दिली, त्यात हालत अजून खराब. शेवटी डोळा लाल झाला, नेत्रतज्ज्ञांनी विचारलं, "कंबर दुखते का?" मी उडालोच. त्यांनी संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे मणक्यांचा संधिवात. त्याच्याशी जोडलेल्या जनुकाची एचएलए-बी २७ तपासणी पॉझिटिव्ह.

आता गोळ्या, पोहणं, रोज ताण देणारे व्यायाम. ज्या पेनकिलर गटाला सगळे नावं ठेवतात त्याच माझ्या पहिल्या औषधात आहेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

मणकेबाई

+१००. चाळिशीच्या आत सुरू झालेलं, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त ताठरणारं, विश्रांतीने वाढणारं आणि हालचालीने कमी होणारं दुखणं असेल तर थेट संधिवाततज्ज्ञ.

आणि तुझ्या गोळ्यांचं म्हणालास ते बरोबर. त्याच गोळ्या सासूबाईंच्या वयात, बीपीच्या औषधांसोबत, मेडिकलमधून परस्पर आणून महिनोन्‌महिने खाल्ल्या तर किडनी आणि पोट दोन्ही जाऊ शकतात. औषध तेच, माणूस वेगळा.

मुचकुंदी

आमच्याकडे लांज्याला वैद्यांकडे कटिबस्ती केली. उडदाच्या पिठाचं कडं कंबरेवर थापतात, त्यात कोमट तेल, गार झालं की कापसाने टिपून परत कोमट. उठल्यावर असं वाटतं की कंबर नवीन बसवली. दोनचार दिवस स्वर्ग. मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग करायचं की नाही?

मणकेबाई

शेकाने स्नायू सैल पडतात, बरं वाटतं, त्यात खोटं काही नाही. ते दोनचार दिवस स्वर्ग आहे तेव्हा पडून राहू नका, तेव्हाच चाला आणि व्यायाम वाढवा. दुखणं दबलेलं असतं तेवढी खिडकी वापरून घ्यायची. गरम पाण्याची पिशवीही तेच काम करते, फक्त तिच्यात रुबाब नाही. पायांना बधिरपणा असेल तर शेक जपून, भाजलेलं कळत नाही.

पट्ट्याचं राहिलंच. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पट्टा आणि ट्रॅक्शन (कंबर ओढून ताणणं) यांचा सरसकट वापर करू नये असं स्पष्ट लिहिलंय. व्यायाम, माहिती, मानसिक आधार यांची शिफारस आहे. तरी आपल्याकडे पट्टा हा कंबरदुखीचा गणवेश होऊन बसलाय.

खडूस_काका

बरं. मग शेवटी कोणता व्यायाम? योग, पिलाटे, जिम, सूर्यनमस्कार? एकाचं नाव सांगा, बाकी निबंध नको.

मणकेबाई

काका, हा सगळ्यात चांगला प्रश्न विचारलात आणि उत्तर तुम्हाला आवडणार नाही. कॉक्रेन ही संस्था उपचारांवरच्या चाचण्या एकत्र करून तपासते; तिच्या २०२१ च्या समीक्षेत २४९ चाचण्या होत्या. व्यायामाने दुखणं कमी होतं, हे दिसलं. पण अमुक एक व्यायाम बाकी सगळ्यांना फार मागे टाकतो असं ठामपणे म्हणता येत नाही. त्यामुळे "तुमच्यासाठी खास" म्हणत महागडा मशीनचा कोर्स विकणाऱ्यांपासूनही लांब राहा. माणूस बघायचा तो चार गोष्टींसाठी: मागे काही गंभीर लपलंय का, काय केल्याने वाढतं, किती मात्रेपासून सुरू करायचं, आणि हा माणूस पुढच्या वर्षीही कोणता व्यायाम करत असेल. तुम्ही सकाळी बागेत जाता का?

खडूस_काका

जातो. हास्यक्लबात.

मेलबर्नकर

हास्यक्लब?? तुम्ही??

खडूस_काका

अवांतर नको.

शेवंती

🙂 भावाचं विचारायचं राहिलं. त्याच्या बागेत ऐन तोडणीत क्रेट उचलायला माणसं मिळत नाहीत. "जड उचलू नये" हे त्याला लागूच नाही.

मणकेबाई

त्याने वर्षाचे काही महिने फारसं उचलायचं नाही आणि मग एकदम दिवसभर, इथे घोळ आहे. कंबर बाराही महिने तयार ठेवायला हवी. तोडणीच्या दोन महिने आधीपासून आठवड्यातून दोनतीनदा अर्धा भरलेला क्रेट उचलायचा सराव, मग पाऊण, मग पूर्ण. क्रेट अंगाशी, वळायचं तर पाय वळवून. रिकामे क्रेट उलटे रचून त्यावर भरलेला ठेवला तर जमिनीपासून उचलावा लागत नाही. छाटणीत हात वर करून कंबर मागे वाकलेली राहते, तिथे ओळ संपली की एकदा पुढे वाकून हात लोंबू द्यायचे. हो, पुढे *वाकून*. कागदावरचा तो नियम त्याच्यासाठी उलटा आहे.

आणि बरं वाटलं त्या दिवशी सगळं उरकायचं, मग तीन दिवस अंथरूण, हे दिवाळीच्या साफसफाईत आपण बायकाही करतो. माळा एका दिवसात आवरायचा नसतो.

मुचकुंदी

ताई, "मागे काही गंभीर लपलंय का" हे एकदा नीट लिहाल? आमच्या गावात एमआरआय म्हणजे रत्नागिरी नाहीतर कोल्हापूर. कधी धावायचं ते कळायला हवं.

मणकेबाई

लघवी अडकणं किंवा कळत नसताना होणं, शौचावरचा ताबा जाणं, बसतो त्या जागेला बधिरपणा, दोन्ही पायांची ताकद झपाट्याने कमी होणं: त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल, रात्र असली तरी. संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री आडवं झाल्यावरही न थांबणारं दुखणं: आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग आजही दिसतो, तो वेळेत सापडला तर औषधांनी बरा होतो. आधी कर्करोग झालेला असेल आणि नव्याने कंबर दुखू लागली तर सांगायला विसरू नका. स्टेरॉइड बरेच दिवस चालू असेल तरी. यात दुखण्यावर मिळणाऱ्या बिननावाच्या औषधी "पुड्या"ही धरा, कित्येकांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं.

बाकी बहुतेकांना, दहात नऊ जणांना, असं एकच ठळक कारण सापडत नाही. त्यांना स्कॅनची घाई नाही.

नवी_सभासद

पूर्ण धागा वाचला. माझी आई, ६८. गेल्या आठवड्यात बाथरूममध्ये पाय घसरून फतकल मारून बसली. मार लागलेला दिसत नाही, पण तेव्हापासून कंबरेच्या जरा वर दुखतंय, कूस बदलताना ओरडते. शेजारच्या काकूंनी त्यांचा व्यायामाचा कागद दिलाय, उद्यापासून सुरू करणार आहे. गुडघ्याला डोकं लावायचा पहिलाच आहे. करू दे ना?

मणकेबाई

नको! व्यायाम थांबवा, कागद काकूंना परत. या वयात नुसतं बसकण मारून पडल्यानेही ठिसूळ मणका दबू शकतो आणि पुढे वाकायचे व्यायाम तो आणखी दाबतात. उद्या सकाळीच हाडाच्या डॉक्टरांकडे, एक्स-रे. तिथे जाईपर्यंत कूस बदलताना गुडघे आणि खांदे एकत्र वळवायला सांगा, उठताना कुशीवरून हात टेकून. फ्रॅक्चर निघालं तर हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी आणि हाडांसाठी औषध हे विचारल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका. नुसतं "पट्टा बांधा, बरं होईल" म्हणाले तरी विचाराच.

नवी_सभासद

नंबर लावला, साडेदहाचा. आल्यावर लिहिते.